बनियनच्या कापडाचे ड्रेस

प्रश्न : नमस्कार ताई, मी बडोद्यात दांडिया बाजारला राहते, घरीच शिवणाचा क्लास घेते, ब्लाउज, कुर्ते, फॉल-पिको सगळं. परवा पोरींना टीव्हीवर 'कोको बिफोर शनेल' सिनेमा लावून दाखवला, कोको शनेल, फ्रान्सची ती मोठी फॅशन डिझायनर ना, तिच्या आयुष्यावरचा. पोरी म्हणाल्या मॅडम यात शिवणकाम कुठंय, नुसती प्रेमप्रकरणं, आणि तिचा परफ्यूम पण नाही! मलाही थोडं तसंच वाटलं. यातलं खरं किती, आणि आमच्या कामाचं यात काय?

– एक वाचक, बडोदा

उत्तर : अहो, नावातच आहे की, शनेल व्हायच्या आधीची कोको. परफ्यूम 1921 चा, सिनेमाची गोष्ट त्याच्या आधीच थांबते. आई लहानपणीच गेली, बापाने पोरींना नन्सच्या अनाथाश्रमात सोडलं, तिथेच हातात सुई आली, 1910 मध्ये पॅरिसला टोप्यांचं दुकान, हे सगळं खरं. पण आद्रिएन बहीण दाखवलीय ना, ती खरी तिची आत्या, वयाने जवळपास बरोबरीची.

आता शिवणाचं. पोरींना तो नाचाचा सीन परत दाखवा, बाकीच्या बायका फिक्या रंगात, झालरी लावून, आत कॉर्सेट, म्हणजे कंबर बारीक दिसावी म्हणून घालायचं ते घट्ट आतलं वस्त्र, आवळलेलं, आणि ही साध्या काळ्या ड्रेसमध्ये मोकळी नाचतेय. मला तर अख्ख्या सिनेमात तोच सीन सगळ्यात आवडतो. आणि सिनेमात फारसं येत नाही ते तुम्ही सांगा, की ती पुढे जर्सीकडे वळली, म्हणजे आपलं होजियरीचं, बनियनचं कापड हो! तेव्हा ते पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरायचे, पहिल्या महायुद्धात चांगलं कापड मिळेना आणि हे मिळत होतं, तर तिने त्याचेच बायकांचे ड्रेस केले, ताणलं जातं म्हणून आवळायची गरजच नाही.

पोरी म्हणतील हे परदेशातलं, तर त्यांना आपल्या इंदिराराजे सांगा, सयाजीराव महाराजांची मुलगी, कूचबिहारची महाराणी. फ्रान्सच्या शिफॉनची साडी करून नेसल्या आणि तिथून शिफॉनची फॅशन आली असं मानतात. बडोद्याच्याच की!

एक मात्र लपवू नका. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना ही बाई एका जर्मन अधिकाऱ्याबरोबर राहत होती, आणि ज्यूंविरुद्धचे कायदे वापरून आपल्या ज्यू भागीदारांकडून परफ्यूमचा धंदा काढून घ्यायला बघत होती. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, पण पोरींना माहीत पाहिजेच.

आणि पुढच्या क्लासला प्रत्येकीला होजियरीचा एक तुकडा द्या. कापलं की कडा गुंडाळते, साध्या सुईने टाका सुटतो, बॉलपॉइंट सुई, म्हणजे गोलसर टोकाची, लावायला सांगा आणि कापड हाताने ओढायचं नाही, मशीनला नेऊ द्यायचं.