पंचकाकांना विचारा : कोच नामानिराळा, पोरगं बाहेर

(मुंबईच्या कबड्डी मैदानांवर पंच म्हणून हयात घालवलेले आमचे पंचकाका दर महिन्याला वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. या वेळच्या पत्रांत कोच मंडळीच जास्त होती.)

प्रश्न : पंचकाका, नमस्कार. माझा मुलगा आमच्या मंडळाकडून किशोर गटात कबड्डी खेळतो. गेल्या महिन्यात उपांत्य सामन्यात समोरच्या संघात एक मुलगा चक्क दाढी करून आलेला होता. आम्ही तक्रार केली तर आयोजक म्हणाले, ‘कागद बरोबर आहेत, आता स्पर्धेचा विचका करू नका.’ नंतर कळलं की दाखला त्यांच्या कोचनेच जमवला होता. अशा कोचला काही होतं का? – एक आई, भांडुप

ताई, झालंच तर मुलाला होतं. कोच पुढच्या स्पर्धेत दुसऱ्या मंडळाचा टी-शर्ट घालून हजर असतो आणि तेच आयोजक त्याला ‘या सर, चहा घ्या’ म्हणतात. आपल्याकडची घडीच तशी बसलेली आहे. प्रवेशिकेवर फोटो खेळाडूचा, जन्मतारीख खेळाडूची. कोचची सही खाली कोपऱ्यात, तीही बऱ्याचदा संघाच्या व्यवस्थापकाने ठोकलेली. मग दाखला बोगस निघाला की अपात्र कोण? ज्याचा फोटो चिकटवलाय तो.

किशोर गटात १६ वर्षं आणि ५५ किलो अशी दुहेरी मर्यादा असते, म्हणजे लबाडीलाही दोन दरवाजे. वयाचा कागद घरबसल्या होतो, वजनाचं मात्र डोळ्यांसमोर करावं लागतं. प्रभादेवीला एका स्पर्धेत वजनं घेत होतो. एका पोराला पहाटेपासून रेनकोट घालून पळवलेलं, ओठ सुकलेले. काट्यावर उभा राहिला तर आकडा स्थिर होईना, सव्वा-दीड किलोने खालीवर. बघतो तर मागे उभ्या असलेल्या कोचने त्याच्या कोपराखाली हळूच दोन बोटं लावलेली! पोराला दोन्ही हात डोक्यावर घ्यायला सांगितलं, कोचला चार पावलं मागे उभं केलं. ५६ किलो ३०० ग्रॅम. मी वजनाच्या तक्त्यात शेरा लिहायला घेतला : ‘प्रशिक्षकाने खेळाडूच्या हातास आधार दिला, वजन पुन्हा घेतले.’ तर हा गृहस्थ गयावया करायला लागला, ‘सर, तेवढं लिहू नका. हवं तर पोराला बाहेर काढा.’

ताई, सगळा प्रकार त्या एका वाक्यात आहे. बारा महिने ज्याला ‘माझा पोरगा’ म्हणून मिरवायचं, त्याला बाहेर काढायला याची हरकत नव्हती. हरकत होती ती आपलं नाव कागदावर येण्याला. मी शेरा लिहिला. पोरगं बाहेर बसलंच, ते टाळता येणार नव्हतं. पण पुढच्या स्पर्धेला तोच कोच वजनाच्या वेळी काट्यापासून लांब उभा होता.

वयाचं दुखणं कबड्डीपुरतं नाही. राहुल द्रविडने २०१५ साली पतौडी व्याख्यानात वयचोरीला थेट फिक्सिंगच्या पंगतीत बसवलं होतं. तेव्हा तो १९ वर्षांखालच्या मुलांचा कोच होता, म्हणजे घरातल्याच माणसाने घरचं सांगितलं. २०२० मध्ये क्रिकेट मंडळाने योजना आणली : खोटं वय स्वतःहून कबूल करा, शिक्षा नाही, पुढे सापडलात तर २ वर्षांची बंदी. लहान गटात डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात, त्याला टीडब्ल्यू-३ म्हणतात. योजना चांगली आहे. पण कबूल करणार कोण, बंदी कुणाला, एक्स-रे कुणाच्या हाताचा? पुन्हा पोराच्याच. दहा वर्षांच्या मुलाने जन्मतारीख स्वतः बदलून आणली असं कुणी मला सांगितलं तर मी त्याला हात जोडीन.

तुमच्या तक्रारीबद्दल. तोंडी तक्रार म्हणजे मैदानावरची बडबड. आयोजक ‘बघतो’ म्हणतात आणि बघत नाहीत. मंडळाच्या कागदावर, कर्णधार आणि व्यवस्थापकाच्या सहीने, नियमावलीत तक्रारीचं शुल्क असेल तर ते भरून, पोच घेऊन तक्रार द्या. शक्यतो सामना सुरू व्हायच्या आत. मागणी एकच ठेवा : मूळ जन्मदाखला दाखवा. शाळेच्या दाखल्यावर समाधान मानू नका. जन्मदाखल्यावर दोन तारखा असतात, जन्माची आणि नोंदणीची. सगळे पहिली बघतात, तुम्ही दुसरी बघा. नोंद २१ दिवसांत करायची असते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. मुंबईच्या इस्पितळात जन्मलेल्या मुलाची नोंद अकरा वर्षांनी झाली असेल, तर तो आदेश कुठाय, एवढंच विचारायचं. आणि तक्रारीत मुलाच्या नावाबरोबर कोचचं नाव लिहायला विसरू नका. ते कुणीच लिहीत नाही.

प्रश्न : शाळेच्या फुटबॉल सामन्यात रेफरीने आमच्या सरांनाच पिवळं कार्ड दाखवलं. सर म्हणतात, असा नियमच नाही. खरं काय? – इयत्ता नववीतला एक बचावपटू, माहीम

बाळा, नियम आहे. २०१९ पासून संघासोबतच्या कोच-व्यवस्थापकांनाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. बाकावरून नेमकं कोण ओरडलं हे कळलं नाही, तर तिथे हजर असलेल्या सगळ्यात वरिष्ठ कोचला कार्ड मिळतं. मला हा नियम फार आवडतो. सरांना हे तू सांगू नकोस, हे पान त्यांच्या टेबलावर राहील एवढं बघ.

प्रश्न : पुण्याला शिवम दुबेच्या जागी हर्षित राणाला उतरवलं, त्याआधी अफगाणिस्तानच्या कोचने डगआउटमधून ‘हळू घ्या’ अशी खूण केली. आमच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर यावरून अजून भांडणं होतात. हा नियमभंग की हुशारी? – एक निवृत्त बँकवाले, दादर

कट्ट्याला माझा नमस्कार. दोन्ही प्रकरणं वेगळी आहेत, एका पिशवीत भरू नका.

पुण्यात, जानेवारी २०२५ मध्ये, दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला हे खरंच होतं. डोक्याला मार लागला तर बदली खेळाडू देता येतो, फक्त तो त्याच जातकुळीचा हवा. दुबे म्हणजे फलंदाजी करणारा, अधूनमधून मध्यमगती टाकणारा; राणा निखळ वेगवान गोलंदाज. रमणदीप सिंग संघात असताना राणाला उतरवलं, त्याने ३ बळी घेतले, आपण मालिका जिंकलो. इंग्लंडचा कर्णधार बटलर वैतागला. मी त्याच्या जागी असतो तर मीही वैतागलो असतो, आपला संघ जिंकला म्हणून खोटं कशाला बोलू? पण आपल्या संघाने नाव पुढे केलं आणि सामनाधिकारी जवागल श्रीनाथ यांनी ते मंजूर केलं. मागणाऱ्याने जास्तच मागितलं, तरी देणाऱ्याला नाही म्हणायचा अधिकार होता. म्हणून माझा रोख मंजुरीवर आहे. असा निर्णय झाला की दोन ओळींचं कारण त्याच रात्री जाहीर करावं.

अफगाणिस्तानचं बघा. जून २०२४, विश्वचषकात बांगलादेशविरुद्ध, पाऊस येऊ घातलेला, डकवर्थ-लुईसच्या हिशेबात अफगाण संघ २ धावांनी पुढे, म्हणजे खेळ तिथेच थांबला तर जिंकलेला. कोच जोनाथन ट्रॉटने खूण केली आणि स्लिपमध्ये गुलबदिन नाइब पाय धरून आडवा. पेटका खरा की खोटा, हे पंचाला काय कपाळावर लिहिलेलं दिसतं? वेळकाढूपणाबद्दल क्रिकेटच्या कायद्यात समज द्यायची ती कर्णधाराला. डगआउटमधल्या माणसाशी मैदानावरच्या पंचाचं थेट नातंच नाही. हा खेळ रचला गेला तेव्हा सगळा कारभार कर्णधाराच्या हातात होता; कोच नंतर आला आणि कायद्याच्या फटीत आरामात बसला.

कोचच्या डोक्यालिटीचं सगळ्यात भारी उदाहरण मात्र १९९९ चं. विश्वचषकात इंग्लंडमधल्या होव्हला आपल्याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए कानात यंत्र घालून उतरला आणि त्यांचा कोच बॉब वूल्मर पॅव्हेलियनमधून त्याच्याशी बोलत होता. तेव्हा याला बंदी करणारा नियमच नव्हता! तरी सामनाधिकारी तलत अली यांनी पहिल्याच ड्रिंक्सला ते काढायला लावलं. कलम सापडत नाही म्हणून ते हात चोळत बसले नाहीत. असा अधिकारी मिळाला की माझ्यासारख्याला बरं वाटतं.

प्रश्न : मी बॅडमिंटन खेळते. माझे सर रॅली चालू असताना मागून खुणा करतात, ओरडतात. मी काही मागितलेलं नसतं. याचा त्रास मला होईल का? – एक खेळाडू, कांदिवली

होऊ शकतो, म्हणून सरांना आधीच सांग. शटल खेळात असताना सल्ला चालत नाही, दोन रॅलींच्या मध्ये चालतो. कोचचा व्यत्यय वाढला तर पंच रॅली थांबवून ‘लेट’ (म्हणजे ती रॅली पुन्हा) देऊ शकतात, मुख्य पंचांना बोलावू शकतात, आणि ते कोचला कोर्टाजवळून उठवू शकतात. बॅडमिंटनचं हे बरं आहे, इथे उठायचं ते कोचने.

टेनिसमध्ये उलटं झालं होतं. २०१८ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सच्या कोचने, पॅट्रिक मुरातोग्लूने, खूण केली. पंच कार्लोस रामोस यांनी ताकीद दिली ती सेरेनाला. पुढे तिने रॅकेट आपटली, पंचांना ‘चोर’ म्हणाली, एक गेम गमावला. एकूण १७ हजार डॉलर दंड, त्यात कोचिंगचे ४ हजार. आणि मुरातोग्लूने नंतर टीव्हीवर सांगून टाकलं, हो, मी कोचिंग करत होतो! दंडाची पावती मात्र सेरेनाच्याच नावावर. २०२५ पासून टेनिसने बाहेरून सल्ला द्यायला रीतसर परवानगीच दिली. चोरी थांबेना म्हणून कुलूप काढून टाकलं, असं मी म्हणतो. टेनिसवाले याला सुधारणा म्हणतील.

कोचला धरायचं ठरवलं तर धरता येतं. पॅरिस ऑलिंपिकला, २०२४ मध्ये, कॅनडाच्या महिला फुटबॉल संघाच्या ताफ्यातून न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवला गेला. फिफाने कॅनडाचे ६ गुण कापले, पण मुख्य कोच बेव्ह प्रीस्टमन आणि दोन सहकाऱ्यांवर वर्षभराची बंदीही घातली. मुलींनी तिन्ही सामने जिंकून उपांत्यपूर्व फेरी गाठली, ती कोच घरी गेल्यावर.

प्रश्न : काका, मी नुकतीच पंच परीक्षा पास झालो. पुढच्या आठवड्यात ज्या संघाचा सामना मला लागलाय, त्याचे कोच माझेच जुने सर आहेत. ते बाहेरून चढाईपटूला सूचना देतात, हे मला खेळाडू असल्यापासून माहीत आहे. काय करू? – एक नवा पंच, कुर्ला

पहिलं म्हणजे हे सरपंचांना, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचांना, आधी सांग. सामना बदलून मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर तू सांगितल्याची नोंद राहील.

सामन्याआधी सरांच्या पाया पडायचं असेल तर खुशाल पड, पण मैदानाबाहेर, आणि दोन्ही संघ आत यायच्या आधी. चढाईपटू समोरच्या हद्दीत असताना त्याच्याच बाजूने त्याला सूचना मिळाली तर समोरच्या संघाला गुण द्यायचा, हे तू परीक्षेत लिहिलंच असशील. सर पहिल्या पाच मिनिटांत ओरडतील, तुझं पाणी जोखायला. तिथेच शिट्टी मार. तिथे गप्प बसलास तर विसाव्या मिनिटाला मारलेली शिट्टी पक्षपात वाटेल, आणि प्रेक्षक ते तुला सांगायला कमी करणार नाहीत. बोलायचं असेल तर टाइम-आउट आहे, प्रत्येक डावात दोन, तीस-तीस सेकंदांचे. त्यात त्यांना हवं तेवढं ओरडू दे. त्यानंतरही थांबले नाहीत तर सरपंचांकडे जा, कार्डं त्यासाठीच आहेत.

सामना संपल्यावर सर खांद्यावर हात टाकून म्हणतील, ‘जाऊ दे रे, चल वडापाव खाऊ.’ त्याआधी गुणलेखकाच्या टेबलाशी जाऊन शेरा लिही : मिनिट, काय घडलं, काय दिलं आणि कोचचं पूर्ण नाव. ‘संघाच्या बाकावरून’ असं मोघम लिहू नकोस. सरपंचांची सही घे, मोबाइलवर फोटो काढ. मग वडापाव खायला जा, पैसे तू दे.