कोबुर्गची सोयरीक

प्रश्न : राणी व्हिक्टोरियाची आई कोबुर्गची, नवरा कोबुर्गचा, बेल्जियमचा पहिला राजाही तिथलाच. ही नाती लावायची कशी?

उत्तर : व्हिक्टोरियापासून सुरुवात केली की गुंता होतो, कारण ती वंशवृक्षात दोन बाजूंनी येते. कोबुर्ग या छोट्या जर्मन संस्थानाचे ड्यूक फ्रान्झ (१७५०–१८०६) यांच्यापासून सुरुवात करा. त्यांची मोठी झालेली सात मुले एका आडव्या ओळीत, जन्मक्रमाने लिहा : सोफी, अँटोनेट, युलियाने, अर्न्स्ट, फर्डिनांड, व्हिक्टोरिया, लिओपोल्ड. प्रत्येकाखाली जोडीदार आणि लग्नाचे साल मांडा.

युलियाने १७९६ मध्ये रशियाच्या राजपुत्र कॉन्स्टंटिनला दिली. ते लग्न टिकले नाही, पण रशियाचे दार उघडले. धाकट्या व्हिक्टोरियाचे पहिले यजमान १८१४ मध्ये वारले. १८१८ मध्ये तिने ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ केंटशी लग्न केले आणि पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाचा जन्म झाला. अर्न्स्टचा धाकटा मुलगा अल्बर्ट. म्हणजे तो राणीचा सख्खा मामेभाऊ. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, इथे अल्बर्टने १८४० मध्ये आत्याची केली. लिओपोल्ड राणीचा मामा आणि अल्बर्टचा काका. या लग्नासाठी सर्वांत जास्त खटपट त्यानेच केली.

चूक हमखास होते ती नावांत. अर्न्स्ट दोन, फर्डिनांड तीन, व्हिक्टोरिया तर कितीतरी. नावापुढे जन्मसाल लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न : एवढ्याशा संस्थानाला इतकी मोठी स्थळे कशी मिळाली?

उत्तर : लहान होते म्हणूनच. कोबुर्गचा राजपुत्र गादीवर बसला म्हणून कुठल्याही मोठ्या सत्तेचे पारडे जड होत नव्हते. पण माझ्या मते खरे कारण धर्माबाबतची लवचिकता. घराणे मूळचे लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. युलियानेने रशियात जाताना ऑर्थोडॉक्स पंथ आणि आना फ्योदोरोव्हना हे नाव घेतले. फर्डिनांडने हंगेरीतल्या धनाढ्य कोहारी घराण्याची एकुलती वारस मारिया अँटोनिया केली आणि मुले कॅथलिक वाढवली. त्यामुळेच त्याचा थोरला मुलगा, तोही फर्डिनांडच, १८३६ मध्ये पोर्तुगालच्या राणी दुसऱ्या मारियाचा पती होऊ शकला. तिथल्या रिवाजाप्रमाणे वारस जन्मल्यावरच, म्हणजे १८३७ मध्ये, त्याला राजा ही पदवी मिळाली. लिओपोल्ड १८३१ मध्ये बेल्जियमचा राजा झाला. तो स्वतः लुथरन राहिला, पण फ्रान्सच्या राजाची मुलगी लुईझ हिच्यापासून झालेली मुले कॅथलिक वाढली. कोहारी शाखेतलाच नातू फर्डिनांड १८८७ मध्ये बल्गेरियाच्या गादीवर आला. रशिया त्याला मान्यता देईना. १८९६ मध्ये त्याने दोन वर्षांच्या बोरिसला, पोपची नाराजी ओढवून घेऊन, ऑर्थोडॉक्स पंथात घातले आणि मान्यता मिळाली.

प्रश्न : राणी व्हिक्टोरिया ‘सॅक्स-कोबुर्ग-गोथा’ घराण्याची का?

उत्तर : नाही. घराणे वडिलांकडून चालते, त्यामुळे ती हॅनोव्हरची. ब्रिटनच्या गादीवर सॅक्स-कोबुर्ग-गोथा घराण्यातला पहिला राजा तिचा मुलगा सातवा एडवर्ड (१९०१). तिच्या आईलाही माहेरून ‘गोथा’ लावू नये. गोथा १८२६ च्या वाटणीत अर्न्स्टकडे आले, त्या बदल्यात झालफेल्ड गेले. त्याआधीचे नाव सॅक्स-कोबुर्ग-झालफेल्ड.

कोबुर्गची गादी पुढे इंग्लंडकडेच वळली. अल्बर्टचा थोरला भाऊ दुसरा अर्न्स्ट १८९३ मध्ये निपुत्रिक वारला. एडवर्डने आधीच हक्क सोडला होता, म्हणून राणीचा दुसरा मुलगा आल्फ्रेड ड्यूक झाला. मुंबईत १८७० मध्ये सेलर्स होमची, म्हणजे आजच्या राज्य पोलीस मुख्यालयाच्या इमारतीची, कोनशिला बसवणारा हाच. त्याचा एकुलता मुलगा १८९९ मध्ये गेला, तो स्वतः १९०० मध्ये. मग इंग्लंडहून आलेला सोळा वर्षांचा पुतण्या चार्ल्स एडवर्ड ड्यूक झाला. पहिल्या महायुद्धात तो जर्मनीच्या बाजूने राहिला. ब्रिटिश राजघराण्याने १९१७ मध्ये विंडसर हे नाव घेतले, नोव्हेंबर १९१८ मध्ये चार्ल्स एडवर्डची गादी गेली आणि १९१९ मध्ये त्याच्या ब्रिटिश पदव्याही काढून घेतल्या गेल्या.