वर्ग नंतर, आधी गेट

प्रिय मुली,

‘मुली शिकतात, सर्टिफिकेट घेतात आणि घरी बसतात, मग मी करतेय काय?’ असं तू पत्रात लिहिलंस. हा प्रश्न शिवणवर्गाची बॅच भरण्याआधी पडायला हवा होता.

आणखी एक शिवणवर्ग काढू का, असं विचारतेस. नको. शिवणकामाला मी कमी लेखत नाही, पण तुझ्या तालुक्यात पगार एमआयडीसीत आहे. तिथे फिटर लागतो, वेल्डर लागतो. म्हणून आधी कारखान्यांच्या गेटवर जा, वर्ग नंतर.

एचआरवाले गोड बोलतील. ‘घेऊ हो मुली, पण टॉयलेटची सोय नाही.’ गप्प बसू नकोस. स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह १९४८च्या कारखाने कायद्यापासून सक्तीचं आहे. ३० किंवा जास्त माणसं असतील, तर मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घ्यावेच लागतात. त्यात मुली किती, हे लेखी विचार. बस कुठपर्यंत येते, तेही विचार. मुली मशीनला घाबरून काम सोडत नाहीत गं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर फाट्यापासून वस्तीपर्यंत अंधारात चालावं लागतं, म्हणून सोडतात.

वडार वस्तीतल्या मुलींचे जातीचे दाखले मात्र आयटीआयच्या प्रवेशासाठी आत्ताच काढायला घे. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा रहिवासाचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा गाढवांवर संसार लादून गावोगाव दगड फोडत फिरले, त्यांनी तो आणायचा कुठून? आजूबाजूच्या शाळांची जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवह्या, धुंडाळ; घरातल्या कुणाचं नाव सापडतं का बघ. आयटीआयचे फॉर्म निघाल्यावर धावलीस तर काही हाती लागणार नाही.

मी आयटीआयत शिकवणारी निदेशक होते तेव्हा मला भांडखोर बाई म्हणत. निकाल चांगला लागलाय, आता कारखान्यांच्या दारात कशाला बसता, असं वरिष्ठ विचारत. मी बसायचेच. मॅनेजर बाहेर येईपर्यंत हलायचे नाही, आणि आजही तेच करेन. त्या हट्टाची मला खंत नाही. खंत आहे ती वेल्डिंगच्या काही मुलींची. माझ्यापेक्षा स्थिर हात होते त्यांचे. जागा मिळायला उशीर झाला, तेवढ्यात लग्नं लागली. म्हणून पुन्हा सांगते, आधी गेट!

तुझ्या संस्थेचे विश्वस्त बॅचचे फोटो मागतील. त्यांना अ‍ॅप्रेंटिसशिपचा करार झालेल्या मुलींची यादी दाखव. नवी बॅच लांबली तर लांबू दे. या आठवड्यात पाच कारखाने गाठ, कोण काय म्हणालं ते त्याच दिवशी लिहून मला पाठव. कुणी गेटवरूनच परत पाठवलं तर फोन कर. मी येते तुझ्याबरोबर.

तुझी,
बाई