ऊस निवडीत मशीन लर्निंग: आधी प्लॉट, मग मॉडेल

मशीन लर्निंगमधलं रँडम फॉरेस्ट घ्यावं की न्यूरल नेटवर्क, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. सुरुवातीला खरी अडचण विदेची (डेटाची) असते.

नवीन वाण निवडण्याच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक रोप जनुकीयदृष्ट्या वेगळं आणि एकमेव असतं, पुनरावृत्ती नाही. म्हणून ओळींमध्ये ठरावीक अंतराने तुल्य वाण (तुलनेसाठीचे माहितीतले वाण) लावा. संख्याशास्त्रज्ञ फेडरर यांची १९५६ मधली ऑगमेंटेड रचना नेमकी यासाठीच आहे आणि ती मुळात उसासाठीच मांडली गेली. जमिनीतला चढउतार त्यातूनच कळतो. नाहीतर पाटाजवळचा जाडजूड ऊस तुम्ही 'उत्तम वाण' म्हणून उचलाल! या टप्प्यावर एकट्या रोपाच्या वजनावर फार विसंबू नका. कुटुंबाची (एकाच संकरातल्या भावंडांची) सरासरी आणि हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवरचा ब्रिक्स (रसातल्या साखरेचा अंदाज) जास्त भरवशाचा.

मग साधं मिश्र मॉडेल (जमिनीचा आणि वाणाचा परिणाम वेगळा करणारं संख्याशास्त्रीय मॉडेल) चालवून ब्लप (BLUP, म्हणजे प्रत्येक वाणाच्या जनुकीय गुणवत्तेचा अंदाज) काढा. मशीन लर्निंगला त्याच्यापेक्षा सरस ठरू द्या, तोवर ते नको.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- एकाच संकरातली भावंडं प्रशिक्षण आणि चाचणी, दोन्हींत टाकणं. मीही हे केलंय. अचूकता बघून आठवडाभर हवेत होतो. नवीन संकरांवर मॉडेल साफ आपटलं. विभागणी कुटुंबानुसार करा.
- फक्त लागणीची आकडेवारी वापरणं. खोडवा मोजलाच पाहिजे.
- ब्रिक्स वेगवेगळ्या वयाच्या उसांचा घेऊन तुलना करणं.

जीनोमिक निवडीचं (डीएनए-खुणांवरून निवड करण्याचं) नंतर बघू. उसात गुणसूत्रंच शंभराच्या वर, तिथे घाई नको.