साताऱ्याच्या कॉलेजात बॉटनी शिकवतो, कुलगुरू होता येईल का?

येईल, पण मुख्य वाट ‘प्रोफेसर’ पद लवकर मिळण्याची. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार कुलगुरूसाठी विद्यापीठात प्रोफेसर म्हणून किमान १० वर्षं लागतात, किंवा नामांकित संशोधन वा शैक्षणिक-प्रशासकीय संस्थेतला तितकाच अनुभव. नुसती नोकरीची २५ वर्षं कामाची नाहीत, आणि बरेच जण नेमके इथेच अडकतात. असोसिएट प्रोफेसरवरून बढतीला पीएचडी, त्या पदावर ३ वर्षं, १० शोधनिबंध (त्यातले ३ याच काळातले) आणि ११० रिसर्च स्कोअर (संशोधनाच्या कामाचे गुण) हवा. कास पठारावर पावसाळाभर फिरून हर्बेरियमच्या शीटा (वाळवून चिकटवलेले वनस्पतींचे नमुने) कितीही केल्यात, तरी निबंध पिअर-रिव्ह्यूड (विषयतज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या) जर्नलमध्ये छापून आल्याशिवाय गुण शून्य! प्राचार्यपद जवळचं: पीएचडी, १५ वर्षं अनुभव, १० निबंध, ११० स्कोअर, मुदत ५ वर्षं. शिवाजी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर आणि विद्या परिषदेवर काम केलंत तर प्रशासनाचा अनुभव दाखवता येतो. एक मात्र आहे, नियमात शब्द ‘विद्यापीठात प्रोफेसर’ असे आहेत. कॉलेजातली वर्षं आपोआप धरली जातील असं समजू नका, जाहिरातीतली अट शब्दन् शब्द वाचा.