गोल्फचा पहिला सेट: वाचकांचे प्रश्न

क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, खेळाडूच्या मापात बसवून देणं आणि नवशिक्यांना शिकवणं हे माझं काम. त्यामुळे सेट घेण्याबद्दलचे प्रश्न माझ्याकडे वर्षभर येतात. बहुतेक प्रश्न पैसे मोजून झाल्यावरच येतात, म्हणून निवडक प्रश्नांना इथे एकत्र उत्तरं देतो.

पुण्याहून: नुकतीच सुरुवात करतोय. नियमाप्रमाणे 14 क्लब असतात म्हणे. पूर्ण सेट घेऊ का?

नको. 14 ही कमाल मर्यादा आहे, तेवढे असलेच पाहिजेत असा नियम कुठेही नाही. सुरुवातीला सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा, धातूच्या पात्याचा क्लब) आणि पटर (चेंडू भोकाकडे घरंगळवायचा क्लब) एवढं पुरतं. पुढे नऊ नंबर, सँड वेज (वाळूतून चेंडू उचलायचा क्लब) आणि एक हायब्रिड (लांबच्या आयर्नऐवजी वापरायचा, मारायला सोपा क्लब) घ्या. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) सगळ्यात शेवटी. खरं तर पहिले काही धडे कोचच्याच क्लबने घ्यावेत आणि तुमचा स्विंग (क्लब फिरवण्याची पद्धत) त्याने पाहिल्यावर खरेदीला जावं.

पनवेलहून: ग्लोव्ह कोणत्या हातात घालायचा?

उजव्या हाताने खेळत असाल तर डाव्या. एकच पुरतो. खेळून झाल्यावर सावलीत वाळवा, घामट पिशवीत कोंबू नका.

ठाण्याहून: चेंडू कोणते घ्यावेत? महागडे जास्त लांब जातात का?

दोन थरांचे, साधे, स्वस्त घ्या. नियमानुसार कोणत्याही चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी आणि वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही. महागड्या चेंडूच्या मऊ वेष्टनाचा खरा उपयोग ग्रीनजवळच्या (भोकाभोवतीच्या आखूड गवताजवळच्या) फटक्यांना, आणि तोही फटका दर वेळी नीट बसायला लागल्यावर. तोवर तुमचे निम्मे चेंडू पाण्यात आणि झाडीत जाणार आहेत.

मुंबईहून: दुकानात नवीन सेटचं सात नंबर मारून पाहिलं. माझ्या जुन्यापेक्षा वीस यार्ड लांब गेलं. घेऊन टाकू?

आधी त्या क्लबचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा मागे झुकलेला कोन, किती अंश आहे ते विचारा; अंश जितके कमी तितका चेंडू लांब जातो. जुन्या सेटमध्ये सात नंबर साधारण 34 अंशांचं असायचं. आज नवशिक्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सेटमध्ये ते 28 ते 30 अंशांचं असतं. म्हणजे जवळजवळ जुनं सहा किंवा साडेपाच नंबर, फक्त तळाशी 7 कोरलेलं. ते लांब जाणारच! हे क्लब वाईट नाहीत. त्यांचं वजन खाली असल्यामुळे चेंडू उंच उठतो आणि नवशिक्याला त्याचा फायदाही होतो. पण विक्रेता आकडा दाखवतो आणि अंश सांगत नाही, याची मला चीड येते. कारण पुढची गोष्ट घरी गेल्यावर कळते. अशा सेटमधली पिचिंग वेज (ग्रीनकडच्या जवळच्या फटक्यांचा क्लब) 43 अंशांच्या आसपास असते आणि सँड वेज 56 ची. मधल्या 13 अंशांत तुमच्याकडे काहीच नसतं, म्हणून मग आणखी एक वेज विकत घ्यायची. सगळ्या क्लबचे लॉफ्ट कागदावर लिहून घ्या, कोचला दाखवा आणि मगच पैसे द्या.

नाशिकहून: मुलगी आठ वर्षांची आहे. माझेच जुने क्लब कापून, नवी ग्रिप लावून तिला दिले. मित्र म्हणतात, सगळे असंच करतात. पण तिचा फटका काही सुधारत नाही.

सगळे असंच करतात हे खरं आहे, आणि म्हणूनच मला हे सविस्तर लिहावंसं वाटतं. कापल्याने फक्त लांबी कमी होते, बाकी सगळं मोठ्या माणसाचंच राहतं. सात नंबरचं नुसतं डोकं अडीचशे ग्रॅमच्या वर भरतं. स्टीलचा शाफ्ट (क्लबचा दांडा) आखूड केला की आणखी ताठ होतो, म्हणजे तुम्हालाही जो जेमतेम वाकवता येत होता तो आता आठ वर्षांच्या मुलीने वाकवायचा. ग्रिप मोठ्यांच्या मापाची असेल तर तिची बोटं पुरती वळतसुद्धा नाहीत.

ती क्लब वर नेते तेव्हा बाजूने बघा. कमरेतून मागे झुकेल, वर पोहोचेपर्यंत डावं कोपर दुमडेल आणि खाली येताना मनगटं चेंडूच्या आधीच सुटतील. तुम्ही "हात सरळ ठेव" म्हणत राहता, पण ते वजन पेलून तिला हात सरळ ठेवता येत नाही. ती जे करते आहे ते तिच्या शरीराने स्वतःला वाचवण्यासाठी शोधलेलं आहे. दोन वर्षांत ते अंगवळणी पडतं, आणि मग योग्य क्लब हातात दिला तरी जात नाही. अशी मुलं माझ्याकडे येतात. त्यांना शिकवण्याआधी आधीचं विसरायला लावावं लागतं, आणि तोवर त्यांचा खेळावरचा जीव उडालेला असतो.

आजच एक करून बघा. तिला डाव्या हाताने ग्रिपच्या टोकाशी धरून क्लब समोर जमिनीला समांतर ठेवायला सांगा आणि सावकाश दहा मोजा. क्लबचं डोकं खाली झुकायला लागलं तर क्लब जड आहे.

मुलांच्या क्लबचं डोकं हलकं, शाफ्ट लवचिक ग्राफाइटचा आणि ग्रिप बारीक असते. ते वयावरून नाही, उंचीवरून घ्यायचे. चार-पाच पुरतात. "वाढतं वय आहे, एक माप मोठं घ्या" असं दुकानदार म्हणेल, पण शाळेच्या गणवेशासारखा वाढत्या मापाचा क्लब चालत नाही. खर्चाची अडचण असेल तर जवळच्या गोल्फ क्लबात (संस्थेत) चौकशी करा. मुलांचे सेट लवकर लहान पडतात, त्यामुळे चांगल्या स्थितीतले वापरलेले मिळतात. घेण्याआधी मुलांना शिकवणाऱ्या कोचला दाखवा. पाठ किंवा मनगट दुखतं असं मुलगी म्हणाली तर सराव त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे न्या.

छत्रपती संभाजीनगरहून: मेव्हण्यांनी अमेरिकेहून त्यांचा जुना सेट पाठवलाय. ते सहा फूट, मी साडेपाच. चालेल?

उंचीच्या फरकावरून ठरत नाही, उभं राहिल्यावर मनगट जमिनीपासून किती वर आहे ते बघावं लागतं. घरच्या घरी एवढं करता येईल: चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती बाजू क्लबकडे करून चेंडू ठेवा आणि मारा. क्लबवर रेघ सरळ उभी उमटली तर ठीक, तिरकी उमटली तर क्लबचा जमिनीशी होणारा कोन तुम्हाला जुळत नाही. शाफ्टवर S (स्टिफ, म्हणजे ताठ) लिहिलं असेल तर तो बहुधा तुम्हाला ताठ पडेल. सेट टाकून देऊ नका, क्लब मापात बसवून देणाऱ्या फिटरकडे न्या. कोन बऱ्याचदा वाकवून देता येतो.

पुण्याहून: "लेडीज सेट"च घ्यायला हवा का? मी पूर्वी बॅडमिंटन खेळायचे.

नाही. शाफ्ट स्विंगच्या वेगावर ठरतो, बाई की पुरुष यावर नाही. वेग मोजून घ्या.

नागपूरहून: नामांकित कंपनीचा नवा ड्रायव्हर ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतोय.

घेऊ नका. नकली क्लबांचा धंदा मोठा आहे. टायटॅनियमचा म्हणून विकलेल्या ड्रायव्हरच्या तोंडाला लोहचुंबक चिकटला तर फसवणूक नक्की, पण चिकटला नाही म्हणून तो खरा ठरत नाही. अधिकृत विक्रेत्याकडे जा.

ठाण्याहून: वय 48. चार महिने कोपर आतल्या बाजूने दुखतंय. मित्र म्हणतो, ग्राफाइटचे शाफ्ट घे, थांबेल.

चार महिने? ग्राफाइटने हादरे कमी होतात, पण ते औषध नाही. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सिमेंटवर टाकलेल्या पातळ मॅटवरून मारत असाल, तर प्रत्येक फटक्याचा धक्का कोपराला बसतो आहे. सराव थांबवा आणि या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. शाफ्टबद्दल मी तुम्हाला त्यांचं म्हणणं कळल्यावरच काही सांगेन.