नोंदणी क्रमांक विचारला तर राग येईल का?

स्नेहा (नाव आणि तपशील बदलले आहेत) माझ्याकडे आली तेव्हा एका 'माइंड कोच'ची सत्रं करून पार थकली होती. गॅसचा नॉब बंद आहे ना, हे बघायला ती रात्री पुन्हा पुन्हा उठायची. कोचनं सांगितलं होतं, शंका आली की 'मी सुरक्षित आहे' असं एकवीस वेळा म्हणायचं. ती म्हणायची. मोजताना चुकलं की पहिल्यापासून. नॉब तपासणं थांबलं नव्हतंच, वर हे मोजणं मागे लागलं.

लक्षणं ओसीडीची, म्हणजे नको असलेल्या शंकांपायी एकच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराची, वाटत होती. मी समुपदेशक आहे. त्याचं निदान आणि उपचार माझ्या कामात बसत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि औषधांशिवाय उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला भेट, असं मी तिला सांगितलं. त्यावर तिनं तेच विचारलं, जे मला कितीतरी जण विचारतात. "मॅडम, एवढ्या मोठ्या शहरात जिथं तिथं बोर्ड दिसतात. खरा कोण हे कसं कळणार? आणि रजिस्ट्रेशन विचारलं तर त्यांना राग नाही येणार?"

विचारणं हा तुमचा हक्क आहे. आपल्या देशात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. प्रत्येकाला क्रमांक मिळतो आणि तो परिषदेच्या वेबसाइटवर पडताळता येतो. नावाआधीच्या 'डॉ.'वर जाऊ नका, ते पीएचडीचंही असतं. औषधं लिहून देतात ते सायकियाट्रिस्ट. ते एमबीबीएस करून पुढे मानसोपचार शिकलेले डॉक्टर, त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे. 'कोच' किंवा 'हीलर' म्हणवून घ्यायला मात्र अशी कुठलीच नोंदणी लागत नाही.

फोनवर काय बोलायचं, याची आम्ही चक्क तालीम केली. नोंदणी क्रमांक काय? ओसीडीवर उपचार कसे करता? औषध लागलं तर कुणाकडे पाठवता? एका ठिकाणी तिला उत्तर मिळालं, "ते तुम्हाला कशाला हवंय? आधी येऊन तर बघा." तिनं ते नाव खोडलं. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या बाईंनी क्रमांक लगेच दिला आणि आपणहून म्हणाल्या, "नोंद माहेरच्या नावानं आहे, शोधताना सापडलं नाही तर गोंधळू नका." उपचारांबद्दल म्हणाल्या, शंका येऊ द्यायची, पण उठून तपासायचं नाही, हे हळूहळू, पायरीपायरीनं शिकवतात. ओसीडीसाठी हीच पद्धत सर्वाधिक अभ्यासलेली आहे.

अंतराचाही विचार करा. हे मी मुद्दाम सांगते, कारण शहराच्या दुसऱ्या टोकाला दर आठवड्याला जाणं महिनाभरात सुटतं आणि लोकांना वाटतं, उपचारच लागू पडले नाहीत. स्नेहानं एक आठवडा प्रत्यक्ष, एक आठवडा व्हिडिओवर असं ठरवून घेतलं.

नोंदणी असली म्हणजे सूर जुळेलच असं नाही. तीन-चार सत्रांनंतरही उपचारांची दिशा कळत नसेल तर सरळ विचारा, आणि पटलं नाही तर दुसऱ्याकडे जा. वेळ मिळेपर्यंत थांबणं असह्य होत असेल, तर सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र सुरू असते, तिथं मराठीतही बोलता येतं.